राकसाले मीठ पाहिजे होतं

रंजू,

तुझी फौज मी अजून उचलली नाही. तुझ्या सीताफळाच्या बिया डोंगराच्या पायथ्याशी तशाच मांडून आहेत, माझे चिंचोके नदीच्या इकडं. परवा पुण्यानुमोदनाले लोकं येणार होते म्हणून तुझा दादा म्हणाला, "नकाशा गुंडाळून ठेव, बसाले जागा लागन." मी म्हटलं, "हात नका लावू त्याले." एवढंच म्हटलं. त्यानं मग दिवाणासकट नकाशा आतल्या खोलीत सरकवला अन् दार लोटून घेतलं. बाहेर वंदना सुरू झाली, मेणबत्त्या लागल्या, तुझ्या फोटोले पांढऱ्या फुलांचा हार घातला. अन् मी मधातच उठून आत गेली, बिया हलल्या तं नाही ना पाहून आली.

आता हे लोकांले काय सांगू? नणंद गेली अन् भावजय खेळातले चिंचोके जागेवर आहेत का ते पाहून राहिली. म्हणतील, बाई बह्याड झाली.

मले रडू येऊन नाही राहिलं, रंजू. दहा दिवस झाले. पोळ्या लाटते, चहा टाकते, आल्यागेल्याले पाणी देते. तुझ्या ऑफिसातल्या बाया आल्या, माझ्या गळ्यात पडून रडल्या, अन् त्यांच्या पाठीवरून मीच हात फिरवला. एक म्हणाली, "भाभी, आप बहुत मजबूत हो." मजबूत म्हणे! डोक्यावरून जाड गोधडी घेऊन बसल्यासारखं झालं आहे, बोललेलं सगळं ऐकू येते पण दुरून. काल भाजीत मीठ टाकलं का नाही तेबी समजलं नाही. तुझ्या दादानं चूपचाप खाल्ली.

सगळ्यांले एक गोष्ट माहीत झाली आहे. गुरुवारी दुपारी तुझा मले मेसेज आला, "वहिनी, मी खाली आहे." आपण दोघी दीड महिन्यापासून बोलत नव्हतो. तू भिलाई-3 हून स्कूटी घेऊन रिसालीले आली, आमच्या घरासमोर उभी राहिली, मेसेज टाकला, अन् मी उतरली नाही. तू निघून गेली. शनिवारी सकाळी रेल्वे यार्डाच्या ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या तुझी मान कलली. डॉक्टर म्हणाले डोक्यातली नस फुटली.

आता लोकं विचारणारच ना? नणंद दारात आली अन् भावजय उतरली नाही? तं तुझा दादाच सांगते सगळ्यांले. "अहो, आमची भिलाईची मराठी! तिनं लिहिलं खाली, म्हणजे घराखाली. हिनं वाचलं हिंदीवालं खाली, म्हणजे रिकामी, फुरसतीत. हिले वाटलं फुरसतीत हाये म्हणून बोलाले बसली." लोकं मान डोलावतात. इथल्या प्रत्येक मराठी घरात हा घोटाळा कधी ना कधी झालेलाच असते. कोणी हळहळते, कोणी जरासं हसतेही. मी कप उचलते.

तुले आठवते ना, हा घोटाळा आपल्या लढाईत कसा झाला होता?

पण लढाईच्या आधीचं सांगू दे. मी लग्न होऊन तुमसरहून इथं आली तेव्हा घराच्या बाहेर पाय टाकला की मुकी व्हायची. भाजीवाला हिंदी, शेजारीण छत्तीसगढी, समोरचे तेलुगु. तू कॉलेजात होती. तू माझ्यासंग बाजारात यायची अन् माझ्या वतीनं भांडायची. मी मराठीत शिव्या घालायची, तू त्याची हिंदीत विनंती करून टाकायची. भाजीवाल्याले शेवटपर्यंत वाटलं मी मोठी सभ्य बाई आहे. मग तुझं लग्न झालं, तू गोंदियाकडं गेली, अन् सव्वा वर्षानं एका बॅगेनिशी परत आली. बाबा तेव्हा होते. त्यांनी काही विचारलं नाही, दादानं विचारलं नाही, अन् मी तुले गरम भात वाढला. मले घरून शिकवलंच होतं तसं, की परत आलेल्या पोरीले विचारू नये, तिले पोटभर वाढावं. मी रोज वाढत गेली. मले वाटलं मी लय मोठं काम करून राहिली.

त्याच उन्हाळ्यात तू हा नकाशा काढला. दादानं कारखान्यातून रद्दीतली मोठी ड्रॉइंग शीट आणली होती, पुढून कोणत्यातरी मशीनचं चित्र, मागून कोरी. तू पालथी पडून पेन्सिलीनं काहीतरी करून राहिली होती. मी विचारलं, "काय काढून राहिली वं?"

"देश."

"कोणाचा?"

"अजून कोणाचाच नाई. दोन हायेत. एक तू घे."

मी काही विचार केला नाही. शेतं, नदी, कोपऱ्यात पांढरं तळं, असा जो हिरवा देश होता तो मी घेतला, अन् त्याचं नाव ठेवलं पाचघर. माझ्या लोकांले मोठे बगळे दिले, त्यांच्यावर बसून बाण मारणारे. उरला नुसता दगडाचा डोंगर. तू म्हणाली, "हा राकसांचा." मी म्हटलं, "अन् तू?" तं म्हणे, "मी राकस."

"अगं माय! कोणीतरी चांगले लोकं घे ना!"

"ज्याले सगळे राकस म्हणतात त्याच्याकडून बी कोणी तं बसाले पाहिजे ना वहिनी."

हसत बोलली तू. मीही हसली. आपल्या लोकांच्या घरात हे वाक्य कुठून येते हे मले तेव्हा समजाले पाहिजे होतं, पण मी बगळ्यांची नावं ठेवण्यात गुंग होती.

बाबा गेले, त्यांच्या जागेवर तुले रेल्वेत लावून घेतलं, वॅगनचे नंबर चढवायचं काम. तू भिलाई-3 ले क्वार्टर घेतलं. मले वाटलं माझ्या स्वैपाकघराले कंटाळून गेली. विचारलं नाही. पण दर रविवारी तू यायची, कागदात गरम तळलेले आलूगुंडे बांधून आणायची, अन् एक रविवार म्हणजे पाचघरचा एक मोसम. बारा वर्षं. लोकांच्या घरी नणंद-भावजयी साड्यांवरून भांडतात, आपण पुलांवरून भांडत होतो. तुझा दादा आपल्या बाजूनं निघताना अंग चोरून चालायचा, की धक्क्यानं राकस नको हलाले.

मी एकदा म्हटलं नकाशा सिविक सेंटरले नेऊन लॅमिनेट करू, कडा फाटून राहिल्या. तू घाबरलीच. "लॅमिनेट केला तं नदी हलवता नाई येणार!" तुझ्या नकाशात नदी हलायची, हे मी सांगते कोणाले?

अन् तू मराठीत लिहायची. तू हिंदी शाळेतली, तुले लिहायची सवय हिंदीची. पण मी पहिल्याच दिवशी म्हटलं, मले हिंदीत लढाई नको, लढाईत तरी मले मुकी नको करू. तेव्हापासून लढाईची सगळी वही तू मराठीत लिहिली. ळ तुले शेवटपर्यंत जमला नाही. माझे बगळे तुझ्या वहीत "बगले" होते. एकदा तू लिहिलं, "राकसांनी सगलं केलं खाल्लं." मी दहा मिनिटं विचार करून राहिली की राकसांनी नेमकं काय केलं अन् काय खाल्लं. ते केळं होतं. तुझे राकस केळी खाऊन गेले होते अन् मी तिकडं जादूटोणा शोधून राहिली होती. तेव्हा हसून हसून माझ्या पोटात दुखाले लागलं होतं.

तं आता तो खालीचा घोटाळा, बुरुजाचा. आपला नियम होता की एक मोसम लढाई सोडली तं फिरत्या व्यापाऱ्याकडून दुश्मनाची एक खबर भेटते, अन् ती खबर समोरच्यानं खरी लिहून द्याची. मी मोसम सोडला. तू चिठ्ठी दिली: "उत्तर बुरूज खाली आहे." मी म्हटलं, सापडली! बुरूज रिकामा! सगळे बगळे तिकडं उडवले. अन् तिथं तुझी अर्धी फौज बसून होती. तू लिहिलं होतं की बुरूज खाली आहे, दरीत, उतारावर. मी मराठी मुलखातून आलेली बाई, मी ते हिंदीत वाचलं. तू हिंदी शाळेतली पोट्टी, तू ते माझ्यासाठी मराठीत लिहिलं. मी चिडून तांबडीलाल, "हे धोका हाये! चिटिंग हाये!" अन् तू जमिनीवर लोळून राहिली होती, उचकी लागेपर्यंत. त्यानंतर या घरात कोणी खाली म्हटलं की दुसरा विचारणारच, मराठीवालं का हिंदीवालं?

त्या दिवशी उचकी थांबल्यावर तू एक बोलली होती. "वहिनी, खबर खरी होती. तू फक्त तुले पाहिजे तशी वाचली." मी म्हटलं, मोठी आली शहाणी. विषय संपला.

आता दीड महिन्याआधीच्या रविवारचं. हे लिहायले बसली तेव्हा ठरवलं होतं की ते टाळू. पण मग लिहून फायदा काय.

तू आली, आलूगुंडे ठेवले, अन् म्हणाली, "वहिनी, एक नवा नियम टाकू. व्यापारीबिपारी नाई. दर मोसमाले एकीनं दुसरीले सरळ एक सवाल विचाराचा. काहीबी. समोरचीनं खरं सांगाचं."

"मग लढाई कशाची? दुश्मनाले आपलं पोट उघडून दाखवाचं, अन् वरून म्हणाचं मार?"

"लढाई बदलन. एवढंच."

"कशी बदलन?"

तू वही उघडली. पहिलं पान. "वाच." मी वाचलं. "राकस आले. कोठार फोडलं." "पुढं वाच." पुढं लिहिलं होतं, "धान्य तसंच." तू दुसरं पान काढलं, तिसरं काढलं. दर पावसाळ्यानंतर राकस आले, पूल तोडला, कोठार फोडलं, धान्य तसंच. बारा वर्षं माझ्या समोर मांडून होतं ते. मी दरवेळी कोठार फोडलं एवढं वाचायची अन् बाण काढायची. कोठारं जाळलीही मी एकदोनदा, की राकसांच्या हाती दाणा नको लागाले.

"मग येतात कावून तुझे राकस?" मी विचारलं. तुझ्या नव्या नियमाचा पहिला सवाल मीच विचारून बसली, बघ.

"मिठासाठी," तू म्हणाली. "डोंगरावर मीठ नाई. लेकरं आजारी पडतात. कोठाराच्या मागं ते पांढरं तळं हाये ना तुहं, ते मिठाचं हाये. त्याची वाट कोठारातून जाते."

मी तळ्याकडं पाहिलं. बारा वर्षांत त्या तळ्यावर मी एक चिंचोका ठेवला नव्हता. मले ते शोभेचं वाटलं होतं.

तू पुढं बोलत होती, डोळे असे चमकून राहिले होते तुझे. "समज तू पहिल्याच साली विचारलं असतं. मग काय केलं असतं?"

मी खरं सांगितलं. "तळ्यावर पहारा बसवला असता."

"बसवला असता!" तू टाळी वाजवली. "मले माहीत होतं. म्हणजे खबर भेटली की लढाई थांबनच असं नाई. लढाई अजून खराब बी होऊ शकते."

"मग? मी तेच तं म्हणून राहिली! दुश्मनाची नस सापडली की माणूस ती दाबतेच."

"दाबन तं दाबन. पण मग त्याले माहीत राहीन की आपण काय दाबून राहिलो. आता तुले वाटते तू फक्त आपलं घर सांभाळून राहिली. तवा तुले माहीत राहिलं असतं की समोर लेकरं हायेत. अन् एखाद्या साली तुले वाटलं असतं, पुलावर बाजार भरवू. एक साल. बारातून एक."

मी आता रोज तो हिशोब करून पाहते, रंजू. पहिल्या साली पहारा, दुसऱ्या साली पहारा. तिसऱ्या साली तुझे राकस चिडून पूल तोडतात, मी माणसं मारते. चौथ्या साली? पाचव्या? मी बाजार भरवला असता का? मले वाटते सातव्या-आठव्या साली भरवला असता. मी हट्टी आहे, पण अगदीच दगड नाही. तुले असं वाटायचं का, हे आता कोणाले विचारू?

पण त्या दिवशी हे नाही बोलली मी. त्या दिवशी मले फक्त एवढंच दिसलं की तू बारा वर्षं माझी गंमत पाहत होती. मी म्हटलं, "म्हणजे मले येडी बनवून राहिली होती तू? तोंडात मूग भरले होते का? सांगता नाई आलं?"

"तू विचारलं नाई वहिनी."

"खेळात दुश्मनाले कोणी विचारत असते का!"

तू वही बंद केली. आवाज चढवला नाही तू. "तू खेळाच्या बाहेर बी नाई विचारत."

मले लगेच समजलं तू कशाबद्दल बोलून राहिली. ती बॅग. ते सव्वा वर्ष. गरम भात. माझा चेहरा असा तापला की मले पुढं काही दिसलं नाही, अन् मी म्हटलं, "जिले आपलं घर टिकवता नाई आलं, तिनं मले घर सांभाळाचं शिकवू नये."

तुझा दादा जेवत होता. त्यानं ताट बाजूले सारलं.

तू उठली. हेल्मेट घेतलं. आलूगुंडे तसेच कागदात होते. दारात चप्पल घालताना म्हणाली, "येते." अन् गेली. पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तुझा दादा तुझ्याकडं जाऊन यायचा, मी विचारत नव्हती, तो सांगत नव्हता. मी नकाशा उचलला नाही अन् फोनही केला नाही. माफी मागाले मले येत नाही, तुले माहीत आहे. मी मनात वाक्यं जुळवायची, "झालं ते झालं, ये आता." मग वाटायचं, मीच कावून म्हणू? तिनंच तं आधी टोचलं.

आता गुरुवार. इथपर्यंत लिहिलं तं पुढंही लिहिते.

मी बालकनीत ओल्या चादरी वाळू घालून राहिली होती. फोन वाजला. "वहिनी, मी खाली आहे." मी कठड्यावरून पाहिलं. तू गेटासमोर स्कूटीवर बसून होती, हेल्मेट मांडीवर, भांगात पांढरे केस दिसत होते. मले पहिल्यांदा दिसले ते. हातात कागदाचं पुडकं होतं.

रंजू, मले समजलं होतं. मराठीवालं का हिंदीवालं असा सवालच नव्हता. तू दिसून राहिली होती मले. मी मागं सरकली, चादरीच्या आड उभी राहिली. म्हटलं, चढू दे तिले. एक जिना चढाले काय पाय दुखतात का? दीड महिना वाट पाहाले लावलं, अजून मीच उतरू? मी तिथंच उभी राहिली. पंधरा मिनिटं झाली असतील, वीस असतील. मग स्कूटी चालू झाल्याचा आवाज आला. अन् खरं सांगते, मले बरं वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं. मी चिमटे लावून उरलेल्या चादरी वाळू घातल्या.

शनिवारी फोन आला तेव्हापासून ते बरं वाटणं माझ्या अंगात जसंच्या तसं बसून आहे. त्याच्यावर दुसरं काही येऊनच नाही राहिलं, रडूही नाही.

अन् तुझ्या दादानं ती गोष्ट सांगाले सुरुवात केली. पहिल्यांदा तुझ्या ऑफिसच्या लोकांसमोर सांगितली, तेव्हा मी तोंड उघडाले पाहिजे होतं. उघडलं नाही. मग ती पक्की होत गेली. परवा तं त्यानं बुरुजाचा किस्साही त्यात घातला, बगळ्यांसकट, अन् माणसं डोळे पुसता पुसता हसली. एक म्हातारी आजीबाई माझा हात धरून म्हणाली, "भाषेनं घात केला माय, तुह्या मनात काही नोतं." मी त्यांच्या हातात बिस्किटाची बशी दिली. त्या घोटाळ्याच्या आड मी दहा दिवस उभी होती, अन् मले वाटत होतं आता जन्मभर तिथंच राहा लागते.

काल दुपारी शेवटचे पाहुणे गेले. तुझा दादा खाली बसून मागून आणलेल्या सतरंजीची घडी करून राहिला होता. मी दारात उभी होती. म्हटलं, "ऐका ना."

"हूं."

"मले समजलं होतं. खाली म्हणजे खालीच. मी पाहिलं होतं तिले. मी मुद्दाम नाई उतरली."

तो घडी करतच राहिला. सतरंजीचं एक टोक वर, दुसरं वर, मधात हातानं दाबलं. मले वाटलं आता हा उठून निघून जाईन. चाललं असतं, मी तयार होती.

"माहीत हाये मले," तो म्हणाला.

"काय माहीत हाये?"

"तिनं खालूनच फोन केल्ता मले. ड्युटीवर."

"काय म्हणाली?"

त्यानं सतरंजी बाजूले ठेवली. "हासून राहिली होती. म्हणे, दादा, वहिनी चादरीमागं लपली हाये. पाय दिसून राहिले तिचे."

बालकनीले जाळीचा कठडा आहे, रंजू. इतकी वर्षं झाली मी तो पुसते. माझ्या डोक्यात आलंच नाही की चादर गुडघ्यापर्यंतच येते.

"मी म्हटलं, मग चढ ना वर," तुझा दादा सांगून राहिला होता. "तं म्हणे, नाई, आता नाई. आता चढली तं तिले लाज वाटन. तिले मी पाहिलं म्हणून नको सांगू. फक्त विचारून ठेव, रविवारी आली तं चालन का."

"मग तुमी विचारलं कावून नाई मले?"

"शुक्रवारी डबल ड्युटी लागली. म्हटलं, शनिवारी चहा पेता पेता विचारू."

शनिवारी चहा व्हायचाच होता तेव्हा यार्डातून फोन आला.

म्हणजे ती खालीवाली गोष्ट त्यानं तुझ्यासाठी बनवली होती. तू सांगितलं होतं ना, तिले लाज वाटन. त्यानं दहा दिवस साऱ्या गावासमोर माझे पाय झाकून ठेवले. अन् मी तिथं उभी राहून त्याचा राग करून राहिली होती, की बायकोवर एवढा कसा विश्वास ठेवते हा माणूस.

मी काल रडली. भिंतीले टेकून खाली बसली अन् रडली, जशी घरात कोणी गेल्यावर रडतात तशी. तुझा दादाही रडला. त्यानं तुझ्यासाठी इतक्या दिवसांत पहिल्यांदा आवाज काढला. मग तो उठला, कुकर लावला, अन् मी मिठाचा डबा त्याच्या हातात दिला.

रंजू, तू माझ्याबद्दल किती माहिती ठेवून होती बाई. मी चादरीमागं उभी राहीन हे, मले लाज वाटन हे, मी पहारा बसवीन हे. अन् मले तुझ्याबद्दल अजून एवढंही माहीत नाही की त्या सव्वा वर्षात तुझ्यावर काय गुदरलं. ते मी आता कधीच विचारू शकणार नाही. तुझा नियम मी मान्य केला नव्हता, तुले माहीत आहे. पण तुझा सवाल काल मले भेटला. दहा दिवस उशिरा भेटला, तरी भेटला, अन् त्याचं खरं उत्तर द्या लागते.

हाव, चालन. रविवारी ये, रंजू. तू नको चढू, मी उतरते.